राउटरची वही: घरातलं आणि छोट्या ऑफिसातलं नेट मोजायचं कसं, राखायचं कसं

एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. "नेट रोज सकाळी अडकतं हो. राउटर बंद-चालू केला की तासभर बरं चालतं, मग परत तेच." कनेक्शनवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्यानं आल्याआल्या राउटर बंद-चालू केला, स्पीड टेस्ट लावली, शंभरपैकी शंभर दाखवले आणि सही घेऊन गेला. त्याचा आकडा खरा होता आणि डॉक्टरांची तक्रारही खरी होती.

स्पीड टेस्ट म्हणजे नळ पूर्ण सोडून पाण्याची धार बघणं. रात्री दोन वाजता नळ कोण सोडतंय, हे त्यात कळत नाही. ते कळायला मीटरचं वाचन टिपावं लागतं, आणि तेवढं वाचन जवळजवळ प्रत्येक राउटर देतो. खाली सांगितलेलं सगळं एक वही, एक लॅपटॉप आणि आठवडाभराची चिकाटी यांत होतं. विकत काही आणायचं नाही.

आधी एकक

प्लॅन एमबीपीएसमध्ये विकतात, म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. तेव्हा १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि एक जीबीची फाइल उतरायला सगळं सुरळीत असताना ८० सेकंद. हा भागाकार डोक्यात पक्का नसेल तर पुढचे आकडे उगाच घाबरवतात.

एक हिशेब मुद्दाम करून बघा. एखादा कॅमेरा सतत २ एमबीपीएसनं चित्र बाहेर पाठवत असेल, तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. चार कॅमेरे असतील तर ८६ जीबी. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये 'अनलिमिटेड'ची हद्द महिन्याला ३,३०० जीबी असते, म्हणजे रोजचे ११०. त्यातले ८६ कॅमेऱ्यांनीच खाल्ले तर विसाव्या-बाविसाव्या तारखेला नेट का रडायला लागतं, याचं उत्तर मिळतं.

मग हजेरी

ब्राउझरमध्ये राउटरचं अॅडमिन पेज, म्हणजे त्याच्या सेटिंगचं पान, उघडा. पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे नेहमीचे पत्ते. (टाइप करताना अक्षरं-आकडे इंग्रजीच.) तिथं जोडलेल्या उपकरणांची यादी मिळेल. नावं बहुधा अगम्य असतात. म्हणून उलट्या बाजूनं जा: एकेका फोनचं वायफाय बंद करा, यादीतून काय गळतं ते बघा आणि वहीत नाव लिहा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, वायफायवर चालणारा गीझरचा प्लग, सगळं. घरात सात-आठ उपकरणं असतील असं वाटतं आणि यादी पंधरावर जाते.

इथं नवखे लोक एका गोष्टीला हमखास फसतात. प्रत्येक उपकरणाला मॅक पत्ता असतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पूर्वी पहिल्या तीन जोड्यांवरून उपकरण कुठल्या कंपनीचं ते कळायचं. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात, तुमच्या खासगीपणासाठीच. त्यामुळे वायफाय नव्यानं जोडलं की तोच फोन यादीत नवा होऊन उभा राहू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट समजायचा. शेजाऱ्यावर आळ घेण्याआधी एवढं बघा. मी एकदा घेतला होता, आणि तो फोन निघाला आमच्याच आत्याचा.

वही

आता मुख्य काम. अॅडमिन पेजवर 'स्टेटस' किंवा 'स्टॅटिस्टिक्स' असा भाग शोधा. त्यात वॅनच्या ओळीत चार आकडे असतात: आलेले बाइट, गेलेले बाइट, आलेली पॅकेट, गेलेली पॅकेट. वॅन म्हणजे तुमच्या घरातून बाहेर जाणारी तार, आणि पॅकेट म्हणजे डेटा ज्या छोट्या तुकड्यांत ये-जा करतो ते तुकडे. हे आकडे राउटर चालू झाल्यापासूनची बेरीज असतात, रिक्षाच्या मीटरसारखे. दिवसातून दोन-तीन ठरलेल्या वेळा ते टिपायचे आणि त्यातून मागचे आकडे वजा करायचे. माझ्या वहीतल्या तीन ओळी अशा:

मंगळवार, रात्री ११: आले ४१.२ जीबी, गेले ३.१ जीबी
बुधवार, सकाळी ७: आले ४३.० जीबी, गेले ७.४ जीबी
बुधवार, रात्री ११: आले ५८.६ जीबी, गेले ८.३ जीबी

बुधवारच्या दिवसभरात १५.६ जीबी आले आणि जेमतेम ०.९ गेले. हे घराचं नेहमीचं रूप, कारण आपण बघतो जास्त आणि पाठवतो कमी. पण त्याआधीच्या रात्री, सगळे झोपलेले असताना, १.८ आले आणि ४.३ गेले. पारडं उलटं झालं. अशा ओळीवर बोट ठेवायचं. आमच्याकडे त्याचं कारण साधं निघालं. मंगळवारी घरातले सगळे लग्नाला गेले होते आणि बायकोचा फोन चार्जिंगला लागल्यावर दोनशे फोटो आणि मामेभावाच्या वरातीचे व्हिडिओ वर चढवत बसला होता. रात्रीच्या अपलोडची निरुपद्रवी कारणं बरीच असतात. विंडोजसुद्धा आपण उतरवलेल्या अपडेटचे तुकडे इतर संगणकांना पुरवू शकतं. सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाखाली ते बंद करता येतं.

किमान एक पूर्ण आठवडा लिहा. शनिवार-रविवार त्यात यायलाच हवेत. क्रिकेटचा मोठा सामना असला तर बाजूला तशी नोंद करा, नाहीतर महिन्याभरानं तो उंचवटा बघून डोकं खाजवाल. एकट्या घराचा दिवस आणि अख्ख्या शहराचा दिवस यांचा आकार सारखाच असतो. नेट कंपन्या जिथं आपसात डेटा देवघेव करतात, त्या मुंबईतल्या डी-सिक्स या इंटरनेट एक्स्चेंजचे आलेख सार्वजनिक आहेत. ते बघा: पहाटे खोल खड्डा, दिवसभर चढ, रात्री जेवणानंतर शिखर. ऑफिसचा आलेख याच्या उलट, अकरा ते सहा उंच आणि रात्री सपाट. रात्री सपाट नसलेलं ऑफिस म्हणजे चौकशीचा विषय.

ही पद्धत काही माझी नाही. १९९४ साली टोबियास ओटिकर ज्या इंग्लिश विद्यापीठात काम करत होता, तिथं बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ केबीपीएसची लाइन होती. सगळे विचारायचे, लाइन एवढी तुंबते कशानं? त्यानं राउटरचा मीटर ठरावीक वेळानं वाचून आलेख काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. एमआरटीजी त्याचं नाव. दर पाच मिनिटांनी वाचन, आल्याचा हिरवा रंग, गेल्याची निळी रेघ. कितीतरी नेटवर्कवाल्यांनी आयुष्यातला पहिला आलेख याच रंगांत पाहिला असेल. वहीचा कंटाळा आला तर लिनक्सवर व्हीएनस्टॅट हेच काम आपोआप करतं, आणि राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चढवता येत असेल तर थेट राउटरवरच चालतं. पण पहिला आठवडा हातानंच लिहा. हातानं वजाबाकी केली की आकडे अंगवळणी पडतात.

मीटरच्या दोन खोड्या माहीत असू द्या. लाइट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला की मीटर शून्यावर येतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, म्हणून दर गुरुवारी वहीत नवी रेघ. दुसरी खोडी जास्त चकवणारी. काही जुन्या राउटरांचा मीटर ४,२९,४९,६७,२९६ बाइटपर्यंतच मोजतो, म्हणजे साधारण सव्वाचार जीबी, आणि पुढे परत शून्यापासून सुरू होतो. सकाळी ३.९ होते आणि दुपारी ०.६ दिसले तर राउटर बिघडलेला नाही, मीटरनं फेरी पूर्ण केली. अशा राउटरवर रोजच्या वहीचा उपयोग नाही. एका वेळी दहा-दहा मिनिटांची मोजणी करा.

कुठल्या उपकरणानं किती खाल्लं हे स्वस्त राउटर सांगत नाहीत. ते उपकरणालाच विचारायचं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये 'डेटा युसेज' असतं, अॅपनुसार.

पिंग, पण दोन खिडक्यांत

नेट अडकलं की दोष कुणाचा, यावर घरात आणि केबलवाल्याशी भांडण होतं. त्यासाठी लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, दुसरीत १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला. पिंग म्हणजे पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. विंडोजवर शेवटी आडवी रेघ आणि टी लिहिलं की पिंग थांबत नाही. आता घरातल्या कुणाला तरी मोठा व्हिडिओ पाठवायला सांगा आणि दोन्ही खिडक्या बघा.

राउटरचीच खिडकी २ मिलिसेकंदांवरून २०० वर उड्या मारत असेल तर दुखणं वायफायचं आहे. भिंत मध्ये आहे किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अख्ख्या सोसायटीची गर्दी आहे. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा तार लावा. राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची मात्र व्हिडिओ चढत असतानाच फुगत असेल तर तुमची अपलोडची वाट तुंबली आहे. राउटरमध्ये 'क्यूओएस' ही वेग वाटून द्यायची सोय असेल तर अपलोडला लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडा कमी लगाम घाला. आणि घरात कुणी काही करत नसताना बाहेरची खिडकी तुटत असेल, तर वेळेसकट स्क्रीनचा फोटो काढा आणि कनेक्शनवाल्याला पाठवा. "स्लो चाललंय" म्हटल्यावर तो ऐकत नाही. "९ वाजून १२ मिनिटांपासून २० पर्यंत राउटर ठीक, बाहेर शंभरातली तीस पॅकेट गळाली" म्हटलं की ऐकतो.

पॅकेटचा आकार

दवाखान्यात मी हे सगळं केलं आणि काहीच सापडलं नाही. पिंग ठीक. रात्रभरात गेलेले बाइट अर्ध्या जीबीच्या आसपास, म्हणजे किरकोळ. मग चौथा आकडा बघितला, जो सहसा कुणी बघत नाही: गेलेली पॅकेट. दवाखाना बंद, संगणक बंद, आणि दहा मिनिटांत १,८०,००० पॅकेट बाहेर गेली होती. बाइट होते १ कोटी ८ लाख. भागाकार केला तर एका पॅकेटला ६० बाइट.

भरलेलं पॅकेट १,५०० बाइटच्या जवळ जातं. व्हिडिओ, फोटो, बॅकअप, सगळं मोठ्या पॅकेटांतून जातं. ६० बाइटच्या पॅकेटात मजकूर मावत नाही. ती नुसती दारावरची टकटक असते. सेकंदाला तीनशे टकटकी, तासन् तास. वेग याला लागतच नाही, म्हणून स्पीड टेस्ट शंभर दाखवते. पण प्रत्येक टकटकीची राउटरला आपल्या टेबलात, म्हणजे चालू जोडण्यांच्या यादीत, नोंद ठेवावी लागते, आणि स्वस्त राउटरचं टेबल काही हजार नोंदींत भरतं. ते भरलं की नवं पान उघडत नाही. बंद-चालू केलं की टेबल रिकामं होतं आणि तासभर बरं चालतं.

मग राउटरच्या मागच्या तारा एकेक उपसून दोन-दोन मिनिटं मीटर बघितला. पहिली तार रिसेप्शनच्या संगणकाची, काही फरक नाही. दुसरी प्रिंटरची, फरक नाही. तिसरीला हात घातला तसा कंपाउंडर म्हणाला, "सर, ती कॅमेऱ्याची. कॅमेरेवाला म्हणालाय हात लावू नका." तार काढली आणि मीटर थांबला.

डीव्हीआर जुना होता, पासवर्ड १२३४५६, आणि डॉक्टरांना घरून कॅमेरे दिसावेत म्हणून कॅमेरेवाल्यानं स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यायला लावून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंतची वाट, करून ठेवलं होतं. म्हणजे दार उघडं, किल्ली दाराला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं याच वाटेनं लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे जेमतेम साठेक ठरीव पासवर्डांची यादी होती. भेटेल त्या पत्त्यावर टकटक करायची, यादी चालवून बघायची, आत गेलं की त्या उपकरणाकडून पुढची टकटक करवून घ्यायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच फौजेनं डाइन या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. लिहिणारी होती विशीतली तीन अमेरिकन पोरं. २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मिराई उपकरणाच्या मेमरीत राहतं, बंद केलं की जातं. पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत येतं.

दारं

यातलं एखादंच करायला वेळ असेल तर राउटरच्या अॅडमिनचा आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, अॅडमिनचा वेगळा. नवा पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल. तुमच्या कपाटातली वही हल्लेखोर वाचत नाही.

नंतर पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा. तिथं तुम्ही स्वतः न घातलेली ओळ दिसली तर आधी तिचा फोटो काढा, मग ती काढून टाका. कॅमेरे बाहेरून बघायचेच असतील तर व्हीपीएन, म्हणजे आपल्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट, वापरा. यूपीएनपी बंद करा, कारण ती सोय असली की घरातलं कुठलंही उपकरण न विचारता दार उघडून घेतं. खेळांच्या कन्सोलवर पोरं कुरकुर करतील, तेव्हा काय ते ठरवा. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरचं सेटिंग बदलायची सोय, बंद. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय, तीही बंद. त्याची आठ आकडी पिन बघून दहा कोटी शक्यता आहेत असं वाटतं, पण ती दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत ती फुटते. स्टेफान फीबेक यानं २०११ च्या अखेरीला हे दाखवून दिलं, तरी ते बटण आजही राउटरवर येतं.

राउटरच्या फर्मवेअरचे, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट बघा. कॅमेरे, टीव्ही आणि प्लग यांना गेस्ट नेटवर्कवर ढकला म्हणजे त्यांना तुमच्या लॅपटॉपचं तोंड दिसणार नाही. डीएनएस म्हणून ९.९.९.९ घातला तर माहीत असलेले घातक पत्ते तिथंच अडतात, फुकट आहे.

राउटरच्या वॅनवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही कनेक्शनवाल्या कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि बाहेरचा माणूस थेट तुमच्या दारात येऊ शकत नाही. त्यावर निर्धास्त मात्र होऊ नका, कारण आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर तिकडून प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे ना, ते वेगळं तपासा.

आपली कुठली दारं उघडी आहेत हे बघायला एनमॅप आहे, १९९७ पासूनचं आणि मोफत. ते फक्त स्वतःच्या नेटवर्कवर चालवा. शेजाऱ्याच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

राउटरचं घड्याळही बरोबर लावा. लाइट जाऊन आली की कित्येक राउटर १ जानेवारी १९७० पासून सुरू होतात, आणि मग लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, सगळी भानगड सत्तर सालातली दिसते. एनटीपी चालू केलं की वेळ आपोआप जुळते. कंपनी असाल तर हा नुसता नीटनेटकेपणा नाही: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळं जुळवायची असतात, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात.

सापडलंच तर

संशयित उपकरणाची तार काढा, पण राउटर लगेच रीसेट करू नका. आधी यादीचे, मीटरचे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे फोटो काढा. मग फॅक्टरी रीसेट, नवा पासवर्ड, आणि मगच नेटला जोडणं, याच क्रमानं. संगणकाची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं मोफत आहेत. पैसे गेले असतील तर हे सगळं सोडा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कारण तिथं मिनिटं मोजली जातात.

दवाखान्यात डीव्हीआर बदलला, स्टॅटिक आयपी परत केला. त्याच वेळी, तशीच दहा मिनिटांची मोजणी पुन्हा घेतली: १,८०,००० ऐवजी ९४० पॅकेट. वही आता कंपाउंडर लिहितो. परवा त्याचाच फोन होता, पहाटेचा आकडा वाढलाय म्हणून. मी म्हटलं, भागाकार कर. पॅकेटला १,३०० बाइट आले. रिसेप्शनचा संगणक चालू राहिला होता आणि एक्स-रेंचा बॅकअप वर चढत होता.